मुलगा दिवसभर घोडखिंडीत असतो, काळजी करू का?

मोगरा:
हसाल, पण विचारतेच. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. सासऱ्यांनी सुट्टीत पावनखिंडीची गोष्ट सांगितली तेव्हापासून तो बाजीप्रभूच झालाय, म्हणजे रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात एका हातात लाटणं एका हातात उलथनं घेऊन उभा आणि कोणाला आत सोडत नाही, नवरा ऑफिसहून येऊन पाणी प्यायला निघाला की तो सिद्दीचा माणूस. विशाळगडावरून तोफा झाल्याशिवाय हलायचं नाही आणि तोफा म्हणजे आमचा कुकर. परवा मी तीन शिट्ट्यांना गॅस बंद केला तर ढसाढसा रडला, महाराज अजून पोचले नाहीत ना गं! (आजोबांच्या गोष्टीत पाच तोफा आहेत.) घरात चालतं हो, पण बाई म्हणतात वर्गातपण खिडकीबाहेर बघत हरवलेला असतो, एकदोनदा हाक ऐकूच आली नाही.

आळशी_बोका:
अगदी नॉर्मल. मी तिसरीत असताना चोराला मच्छरदाणीत गुंडाळून पकडायचं ठरवून उशाशी टॉर्च घेऊन झोपायचो. चोर आला नाही, रात्री दोनला बाबा बाथरूमला उठले. पुढचं विचारू नका.

दोन_पोरांची_आई:
खेळ चालू दे, फक्त हाकेचं एकदा बघ. खांद्याला हात लावला की भानावर येतो का? स्वप्नात रमलेलं मूल येतं. हात लावूनही काही सेकंद नुसतं टक लावून बघत राहिला आणि मग काही झालंच नाही असा वागला, असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखव, फिटचा एक प्रकार तसाही दिसतो. आणि कान तपासून घे, सर्दीत माझ्या धाकट्याला ऐकूच यायचं नाही.

गडवेडा:
बाजींना सांगा, जुलै १६६० मध्ये पाठलागावर सिद्दी मसूद होता, जौहर मागे पन्हाळ्याच्या वेढ्यावर. म्हणजे बाबा मसूद. पन्हाळ्याला न्याच त्याला, दोन्ही हातात तलवारी घेतलेला पुतळा आहे तिथे. लाटणं घरी ठेवा.

मोगरा:
थँक्यू सगळ्यांना. हात लावून बघितला, लगेच वळला आणि म्हणाला, शू, ते येतायत. कान दाखवतेच. आज पाच शिट्ट्या दिल्या, भाताचा पार गिचका झाला. मसूदने मुकाट खाल्ला.