दोन दिवसांची मुंबई, घरच्यांना घेऊन: तुमचे अनुभव लिहा

दिवाळी उलटली की आमच्या मुलुंडच्या घरी फोन यायला लागतात. "शनिवार-रविवार सगळे मिळून येतोय, काय काय बघून होईल?" पाठोपाठ यादी येते. गेटवे, राणीबाग, सिद्धिविनायक, हाजी अली, घारापुरी, जुहू, मलबार हिलच्या बागेतला म्हातारीचा बूट. सोबत आजी असतात, बालवाडीतलं पोर असतं, कॉलेजातला भाचा असतो. प्रत्येकाला वेगळं काहीतरी बघायचं असतं.

मी सगळ्यांना एकच सांगते. मुंबई दक्षिणोत्तर लांब पसरलेली आहे. एका दिवसात कुलाबा ते बोरिवली वरखाली केलंत तर अर्धा दिवस प्रवासातच जातो आणि चौपाटीवर पोचेपर्यंत मुलं पेंगुळलेली असतात. एका दिवसाला शहराचं एकच टोक धरा. घरातलं सगळ्यांत हळू चालणारं माणूस जेवढं झेपवेल, तेवढाच कार्यक्रम ठेवा. तारापोरवाला मत्स्यालय अजूनही पुष्कळांच्या यादीत असतं, ते बंद आहे, तेवढं आधीच खोडून टाका.

हे झालं यजमानाच्या बाजूने. पाहुणे म्हणून जे आले, त्यांनी लिहावं: कुठून आलात, सोबत कोण होतं, कशात रमलात, कुठे दमलात. पुढच्या शनिवारी निघणाऱ्यांना उपयोग होईल.

सोलापूरहून:

आमच्यासोबत दोन मुली आणि सासूबाई. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. झोपही होते आणि खोलीचं एका रात्रीचं भाडं वाचतं. प्रश्न असतो तो सकाळपासून खोली ताब्यात मिळेपर्यंतच्या वेळेचा. सामान घेऊन कुठे फिरणार? सीएसएमटीला क्लोकरूम आहे, तिथे ठेवलं. पण बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, हे लक्षात असू द्या. सासूबाईंची कापडी पिशवी कुलूप लागणारी नव्हती. मग ह्यांनी आपल्या मोठ्या बॅगेतले टॉवेल बाहेर काढले, पिशवी आत बसवली आणि चेनच्या दोन्ही टोकांतून छोटं कुलूप ओवलं. टॉवेल माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आले. येताना घरूनच दोन छोटी कुलपं आणा.

पहिलं ठिकाण आम्ही स्टेशनच धरलं होतं. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभं राहिलं की सीएसएमटी पूर्ण दिसतं. १८७८ ला बांधायला घेतलेली ही इमारत पुरी व्हायला दहा वर्षं लागली आणि २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. मुलींना सांगितलं, भिंतींवर कोरलेले प्राणी-पक्षी शोधा. त्यात त्यांचा वेळ इतका छान गेला की भूक लागल्याचंही विसरल्या. सासूबाई म्हणाल्या, "इतक्यांदा इथे उतरले, पण मान वर करून कधी बघितलंच नव्हतं."

तिथून डबलडेकर बसने पुढे गेलो. ११५ नंबरची, एसी, विजेवर चालणारी. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर ती मुलांना द्या. त्या दिवशी गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एवढंच केलं. दोन्ही इमारती जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाच्या आहेत आणि एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रविवारी सकाळी फोर्टात ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे असतात. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून तो भाग दाखवायचा तर रविवारच धरा.

नाशिकहून:

मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. आमचा मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत. त्यांना इमारती नको होत्या, हात लावता येईल असं काहीतरी हवं होतं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आम्ही पूर्ण एक दिवस केलं. बटणं दाबायची, चाकं फिरवायची, आरशात आपली चित्रविचित्र रूपं बघायची. कोणी 'हात लावू नका' म्हणत नाही. नेहरू तारांगण जवळच आहे, तिथे मराठीतूनही खेळ असतो. मात्र तारांगण सोमवारी बंद असतं, जोडून सुट्टी घेतली असेल तर बघून ठेवा.

आता भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमच्यासारख्यांची फार सोय झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. दादर, सिद्धिविनायक, विज्ञान केंद्र, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट सगळं एकाच मार्गावर. लहान मुलं घेऊन लोकलच्या गर्दीत शिरायची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी ह्या मेट्रोच्या आसपासच खोली घ्यावी.

चिपळूणहून:

आईचे गुडघे दुखतात, पण घारापुरीची त्रिमूर्ती बघायची तिची फार वर्षांची इच्छा होती. सगळे म्हणत होते, पायऱ्या आहेत, नेऊ नकोस. मी चौकशी करूनच नेलं.

गेटवेहून लाँच सुटते, पोचायला तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला तर लाँच सुटत नाहीत. सकाळची पहिली-दुसरी लाँच पकडावी, ऊन चढायच्या आत वर पोचता येतं. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे, ती घ्या, तेवढं चालणं वाचतं. पुढे शंभरावर पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्रीची सावली. चढवत नसेल तर डोलीवाले खुर्चीतून नेतात. भाव आधी स्पष्ट ठरवून घ्या, जाऊन-येऊन किती ते. आई डोलीत बसायला तयार नव्हती. "माणसांच्या खांद्यावर कशी बसू?" म्हणाली. मग दहा पायऱ्या, थांबायचं, पाणी, परत दहा पायऱ्या, असं केलं. आम्हाला कुठे घाई होती? तो अख्खा दिवस तिचाच होता.

आत अंधारात डोळे सरावायला जरा वेळ लागतो. मग समोर ती तीन मुखं दिसायला लागतात, जवळजवळ वीस फूट उंच, एकाच कातळात कोरलेली. आई खालीच बसली आणि बराच वेळ उठली नाही.

एक माहिती मला तिथे गेल्यावर कळली. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाही. तो भायखळ्याला राणीबागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुलं सोबत असतील तर आज घारापुरी आणि उद्या राणीबाग अशी जोडी लावा, हत्तीची गोष्ट पुरी होते.

जळगावहून:

वरच्या ताईंना जोडून लिहिते. राणीबाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. पेंग्विन बघायला रविवारी दुपारी भली मोठी रांग लागते, सकाळी फाटक उघडताच जा. तीन वर्षांच्या पोरासाठी आमच्या दृष्टीने मुंबईत ह्याहून चांगली जागा नाही. झाडांची सावली आहे, बाकडी आहेत.

डोंबिवलीहून:

मी यजमानांपैकी. मला लोकलबद्दल लिहायचंय, कारण गावाहून आलेली माणसं सगळ्यात जास्त तिथेच घाबरतात.

रविवारी गर्दी कमी असते, पण मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. कोणत्या स्टेशनांच्या मध्ये आणि किती ते किती, हे आदल्या दिवशीच्या पेपरात येतं. तेवढं वाचूनच निघा. दादरला फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ पासून बदललेत. पूर्वी पश्चिम आणि मध्य दोन्हीकडे एक नंबरपासून सुरुवात व्हायची, आता पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. जुन्या सवयीने कोणी सांगितलं तर नीट विचारून घ्या. आणि रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात येत नाही, तिथून टॅक्सी किंवा बेस्टची बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या घरून पाहुणे निघाले की मी दारातच सगळ्यांना उभं करून सांगते: कोणी फलाटावर मागे राहिलं तर तिथेच उभं राहायचं, जागा सोडायची नाही. गाडीत चढलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून मागे यायचं. चालत्या गाडीमागे कोणीही, काहीही झालं तरी, धावायचं नाही. लहान मुलांच्या खिशात नाव-नंबराची चिठ्ठी. माझ्या नणंदेचा मुलगा ठाण्याला गर्दीत असा मागे राहिला होता. नऊ वर्षांचा. त्याने ऐकलेलं लक्षात ठेवलं आणि इंडिकेटरच्या खांबाला हात लावून उभा राहिला. त्याची आई उलट गाडीने परत आली तेव्हा पोरगं तिथेच होतं, रडलंही नव्हतं. म्हणून सांगते, ह्या एका सूचनेत कंटाळा करू नका.

कोल्हापूरहून:

आमच्या घरात लेणी-म्युझियमवाले कमी आणि माझ्या वडिलांसारखे जास्त. त्यांना मुंबईत दोनच ठिकाणी जायचं होतं: चैत्यभूमी आणि राजगृह. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो आणि दादरमध्येच राहिलो. चैत्यभूमीवर सकाळी लवकर शांत असतं. राजगृह हिंदू कॉलनीत आहे. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर, खालच्या मजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. वडिलांनी चष्मा पुसून प्रत्येक वस्तूखालची पाटी वाचली. मुलगा कंटाळेल असं वाटलं होतं, पण तोच आजोबांना प्रश्न विचारत राहिला.

दुपारी शिवाजी पार्कजवळ प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. रांग असते, पण लवकर सरकते. संध्याकाळी नाटक. हे मला आवर्जून सांगायचंय: शनिवार-रविवारी मुंबईत आलात तर पेपरातली नाटकांची पानं उघडा. शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, कुठे ना कुठे चांगला प्रयोग असतोच. मॉल कोल्हापुरातही आहे. इतक्या नाटकांतून निवड करायची चैन आम्हाला गावात मिळत नाही.

पुण्याहून:

मुलुंडच्या ताईंशी माझं थोडं दुमत आहे. एक टोक धरा म्हणता ते लोकलने फिरणाऱ्यांसाठी. गाडी असेल तर चित्र बदललंय. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. एक्स्प्रेस वेवरून अटल सेतूने गेलं की शिवडीला उतरतो. २१.८ किलोमीटरचा पूल, एका वेळचे २५० रुपये. पुलावर गाडी थांबवायची नाही, फोटोसाठी सुद्धा. कोस्टल रोडने मरीन ड्राइव्ह ते वरळी काही मिनिटांत होतं. आम्ही सकाळी म्हातारीचा बूट, त्याच्या जवळचा झाडीतून जाणारा नवा उन्नत मार्ग (तिकीट ऑनलाइन काढावं लागतं, वेळ ठरवून मिळते) आणि संध्याकाळी वांद्रे असं आरामात केलं. पार्किंगची सोय मात्र प्रत्येक ठिकाणी आधी बघून ठेवावी लागते. भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केटकडे तर गाडी नेऊच नका.

मुलुंडहून, परत मी:

पुण्याच्या दादांचं पटलं, गाडीवाल्यांनी तसं करावं. पण आजी सोबत असतील तर गाडी असली तरी दुपारची विश्रांती हवीच.

साताऱ्याहून:

खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही एसटीने आलो. बायकांना अर्धं तिकीट, आणि आत्या ७५ च्या पुढची असल्याने तिला तिकीटच नाही. चौघी होतो, स्वस्तात पोचलो. मुंबईत बेस्टच्या एसी बसला कमीत कमी १२ रुपये. पैसे लागतात ते राहायला. एक विचारायचं होतं: माझी मावसबहीण कल्याणला असते, ये म्हणते, पण तिचं घर दोन खोल्यांचं. चौघींनी जावं का?

डोंबिवलीहून:

ताई, ती मनापासून बोलावतेय तर जा. फक्त पोचायची आणि निघायची वेळ आधी नक्की कळवा, अंथरायला-पांघरायला एखादी चादर जास्तीची आणा आणि सकाळचा नाश्ता बाहेर करू असं आधीच सांगून ठेवा. छोट्या घरात सकाळचा तास सगळ्यात अवघड असतो: पाणी, डबे, ऑफिसची घाई. शनिवारीही तिच्या घरी कोणाला कामावर जायचं असेल. रात्री जेवायला मात्र घरीच बसा, तिला तेच हवं असणार. आणि परतीची एसटी मुंबईतून पकडणार असाल तर बस जिथून सुटते त्या आगारात जाऊन बसा, मधल्या थांब्यावर नको. सामान लावायला आणि आत्याला चढवायला वेळ मिळतो.