मोंटानातून पिकअप आणावी का? वॉरंटीवरून अडलंय

कॅलगरीकर

मंडळी, स्पष्ट मत हवंय. मी कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत, उन्हाळ्यात डेक आणि कुंपणं बांधायची कामं घेतो, हिवाळ्यात बर्फ काढायची. माझी पिकअप २,८०,००० किलोमीटर पळून आता थकली आहे. दोन वर्षं वापरलेली, चार दारांची, ट्रेलर ओढणारी गाडी शोधतोय.

सीमेपलीकडे अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ग्रेट फॉल्सला एक डीलर आहे. त्याच्याकडे हवी तशी गाडी ३६,५०० अमेरिकन डॉलरला मिळतेय. मला मिळणाऱ्या दराने, १.३८ ने, ५०,३७० कॅनडियन होतात. मोंटानात सेल्स टॅक्स नाही. सीमेवर ५ टक्के जीएसटी, एसीवरच्या कराचे १०० डॉलर, आरआयव्हीची (आयात गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या कॅनडातल्या संस्थेची) फी, तपासणी, जाण्यायेण्याचा खर्च, सगळं धरून ५४,२०० च्या आसपास पडते. तशीच गाडी इथल्या डीलरकडे ६०,५०० अधिक जीएसटी. म्हणजे नऊ हजारांचा फरक.

एप्रिल २०२५ पासून अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर कॅनडाने २५ टक्के जादा कर लावलाय हे माहीत आहे. म्हणून मुद्दाम मेक्सिकोत बनलेली गाडी बघितली, तिचा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) ३ ने सुरू होतो, म्हणजे मेक्सिको. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न सगळ्याच कंपन्यांना लागू आहे.

अडलंय ते वॉरंटीवर. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल आहे, त्यातले ३६,००० मैल शिल्लक आहेत. ही वॉरंटी कॅनडात चालेल का, याचं सरळ उत्तर कोणी देत नाही. माझं म्हणणं असं की चाललीच पाहिजे. अमेरिकन पर्यटकाची गाडी बॅन्फच्या रस्त्यावर बंद पडली तर इथला डीलर ती वॉरंटीत दुरुस्त करतो. तीच गाडी, तोच स्पॅनर, तोच मेकॅनिक. मालक कॅनडाचा झाला की वॉरंटी संपते, हा कुठला न्याय?

प्रेअरीवासी

बिनधास्त आण. कॅनडियन डॉलर सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला तेव्हा आमच्या ओळखीतल्या चौघांनी तिकडून गाड्या आणल्या. मी २०११ मध्ये नॉर्थ डकोटातून आणली, तेव्हाही कॅनडियन डॉलर वर होता. बारा वर्षं चालवली. वॉरंटीत न्यायची वेळ एकदाही आली नाही. ब्रेक, बॅटरी, टायर, एक वॉटर पंप, एवढंच काम निघालं, आणि पंप गेला तेव्हा वॉरंटीची मुदत केव्हाच संपली होती.

लोक वॉरंटीला घाबरून नऊ-नऊ हजार सोडून देतात. ते पैसे बाजूला टाक, तीच तुझी वॉरंटी.

सर्व्हिस काउंटर

मी एडमंटनमध्ये डीलरच्या सर्व्हिस खात्यात काम करतो, म्हणून आतून कसं चालतं ते सांगतो. रागावू नका, पण वरच्या दोन्ही पोस्टमध्ये मुख्य गोष्ट निसटली आहे.

तुम्ही गाडी घेऊन आलात की मी आधी व्हिन टाकतो. स्क्रीनवर गाडी कोणत्या देशासाठी बनली, पहिली विक्री कुठे आणि कोणत्या तारखेला झाली, वॉरंटी कधी सुरू झाली आणि तिच्यावर काही अडसर घातलाय का, हे सगळं दिसतं. दुरुस्तीचे पैसे डीलर स्वतःच्या खिशातून घालत नाही. आम्ही कंपनीकडे क्लेम लावतो, कंपनी मजुरीचे तास आणि पार्टचे पैसे देते. कंपनीच्या कॅनडातल्या शाखेने क्लेम फेटाळला तर ते पैसे डीलरच्या अंगावर पडतात. त्यामुळे मॅनेजर कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही नसतं.

पर्यटकाचा मुद्दा बरोबर आहे, पण पर्यटकाची गाडी अमेरिकेत नोंदलेली असते. तुझी अल्बर्टात नोंदलेली असणार. कंपनीच्या लेखी ती निर्यात झालेली गाडी. काही कंपन्यांत पहिला मालक अमेरिकेतला असेल आणि त्याने गाडी तिथे काही महिने खरोखर चालवली असेल, तर वॉरंटी इकडे ओढता येते. काहींत घर बदलून आलेल्यांना मिळते, कागद दाखवावे लागतात. काहींत अजिबात नाही. म्हणून "कॅनडात चालते का" असं मोघम विचारू नकोस. तुझ्या व्हिनपुरतं विचार, आणि कॅनडातल्या कस्टमर केअरकडून लेखी उत्तर घे. फोनवर "हो चालेल सर" म्हणणारा मुलगा क्लेमच्या दिवशी तिथे नसतो.

आणि प्रेअरीवासी, २०११ ची गाडी आणि आजची गाडी यात फरक आहे हो. आजच्या पिकअपमध्ये दहा गिअरचा ऑटोमॅटिक, टर्बो, कॅमेरे, रडार, स्क्रीन. पूर्वी वॉरंटीत दाराची बिजागरी यायची, आता मॉड्युलं येतात. एकेक मॉड्युल हजाराच्या घरात.

बेळगावचा पाहुणा

मला हे वाचून आमच्याकडची गोष्ट आठवली. निपाणीच्या शोरूममधून घेतलेली पिकअप कोल्हापूरला दुरुस्त होते, कोणी विचारत नाही. आरटीओत एनओसी, रोड टॅक्स, पासिंग यांचा त्रास होतो, तो सरकारी. वॉरंटीला मात्र राज्याची सीमा आडवी येत नाही. मला वाटतं कॅलगरीकरांच्या मनात तेच घर करून बसलंय की वॉरंटी गाडीची असते, मालकाची किंवा जागेची नसते. भारतात एकच कंपनी. अमेरिका आणि कॅनडात मात्र कागदावर दोन कंपन्या, दोन किंमत याद्या.

ओढ्याकाठची

ज्याची गाडी खरंच बिघडली त्याचंही ऐकून घ्या. तीन वर्षांपूर्वी आम्ही वॉशिंग्टन राज्यातून जवळजवळ नवी पिकअप आणली. आधी फोनवर "वॉरंटी उत्तर अमेरिकेत सगळीकडे" असं उत्तर मिळालं होतं. आम्ही खूश.

जानेवारीत, उणे एकतीसला, नवरा पहाटे कामाला निघाला आणि दहा मिनिटांत परत आला. गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. अंगणात बघते तर बर्फावर लाल डाग, ताटलीएवढा, आणि त्याच्याभोवती बर्फ विरघळून खड्डा पडलेला. ट्रान्समिशनचं तेल. ओडोमीटरवर ४१,००० मैल, म्हणजे मुदतीच्या पुष्कळ आत. डीलरने दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि सांगितलं की ही अमेरिकन बाजाराची गाडी आहे, कॅनडात क्लेम लागणार नाही, सीमेपलीकडे न्या. टो करून न्यायचे वेगळे पैसे, तिकडे हॉटेल वेगळं, आणि घरातली एकमेव कामाची गाडी बंद. शेवटी इथेच सात हजार भरून काम केलं.

आणताना आम्ही सहा हजार वाचवले होते. मी आकडा लिहून ठेवला होता वहीत, म्हणून लक्षात आहे.

प्रेअरीवासी

ताई, वाईट वाटलं. पण एक विचारतो, तुम्ही तिकडचा डीलर गाठायचा पर्याय का सोडलात? अमेरिकेत वॉरंटीचा मॅग्नुसन-मॉस कायदा १९७५ पासून आहे. कंपनीला शब्द फिरवणं तिथे सोपं नाही. तुम्ही सीमेजवळ राहता, कॅलगरीकर तर कूट्सच्या सीमानाक्यापासून तीनशे किलोमीटरवर आहे. चार तास गाडी चालवून हजारो डॉलर वाचत असतील तर मी दरवेळी जाईन.

ओढ्याकाठची

ज्या गाडीचा गिअर पडत नाही ती चालवत नेणार कशी, दादा?

प्रेअरीवासी

बरोबर. ते मी लिहायला नको होतं.

फार्गोहून

उलट्या दिशेचीही बाजू आहे. २०१६ च्या सुरुवातीला कॅनडियन डॉलर सत्तर अमेरिकन सेंटच्या खाली गेला, तेव्हा वापरलेल्या कॅनडियन पिकअपचे ट्रेलरच्या ट्रेलर इकडे अमेरिकेत येत होते. आमच्या गावातल्या लॉटवर उभी गाडी बघावी तर ओडोमीटर किलोमीटरमध्ये. स्वस्त म्हणून लोकांनी घेतल्या आणि मग कळलं की कंपनीची वॉरंटी गेलेली. तेव्हा या नियमाचा फटका दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना बसतो. वर काही कंपन्या नव्या गाड्यांसाठी आपल्या डीलरांना परदेशी गिऱ्हाइकाला विकू नका अशी अटच घालतात, आणि डीलर तुमच्याकडून निर्यात करणार नाही असं लिहून घेतो. वापरलेल्या गाडीला ती अट सहसा नसते, पण सही करण्याआधी प्रत्येक पान वाच.

कॅलगरीकर

ताईंची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, खरं सांगतो. तरी माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. कंपनी स्वतः सुटे भाग तीन देशांत फिरवते. कॅनडातल्या ओशावात बनलेली सिल्वेराडो पिकअप अमेरिकेत विकली जाते, मेक्सिकोत बनलेली गाडी दोन्हीकडे. कारखान्याला सीमा नाही, नफ्याला सीमा नाही, जबाबदारीलाच तेवढी आहे. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

सर्व्हिस काउंटर

पटू नये, हे मलाही मान्य आहे. रोज काउंटरवर उभं राहून लोकांना नाही म्हणणं मला आवडतं असं नाही. पण कंपनी असं का करते तेही बघ. कॅनडियन डॉलर पडला की इथली किंमत लगेच वाढत नाही, चढला की लगेच उतरत नाही. ती फट जेवढी मोठी, तेवढे लोक स्वस्त बाजूने आणतात, आणि इथल्या डीलरचा धंदा बसतो. वॉरंटीची अट म्हणजे त्या फटीवर घातलेलं कुलूप. गिऱ्हाइकासाठी वाईट आहे, त्यांच्यासाठी नाही. तू न्यायाची लढाई लढायला गाडी घेतोस की डेक बांधायला, हे आधी ठरव.

ओंटारियोची अकाउंटंट

नऊ हजारांच्या हिशोबात दोन चुका आहेत.

अल्बर्टात खासगी मालकाकडून वापरलेली गाडी घेतली तर जीएसटी लागतच नाही. सीमेवर मात्र खासगी असो की डीलर, ५ टक्के भरावेच लागतात. म्हणजे तुझी तुलना इथल्या डीलरशी न करता इथल्या खासगी विक्रेत्याशी झाली पाहिजे. तिथे फरक तीन-चार हजारांवर येईल असा माझा अंदाज. वर त्या गाडीची कॅनडियन वॉरंटी जशीच्या तशी मिळते.

दुसरं म्हणजे विकताना अमेरिकेतून आलेली गाडी म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं. मैलांचा ओडोमीटर बघितला की विचारतातच. तो तोटा आज दिसत नाही, पण तो तुझाच आहे.

जादा कराबद्दल, व्हिन ३ ने सुरू होतो एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. सीबीएसएला, म्हणजे कॅनडाच्या सीमाशुल्क खात्याला, आधी विचार. माझ्या एका अशिलाने अमेरिकेतून जपानमध्ये बनलेली, व्हिन जे ने सुरू होणारी गाडी आणली. व्यापार करारातून ड्युटी माफ असेल असं धरून चालला होता, आणि ६.१ टक्के भरावे लागले.

प्रेअरीवासी

खासगीचा मुद्दा मला सुचला नव्हता. पण खासगी बाजारात दोन वर्षांची, ट्रेलर पॅकेजवाली गाडी मिळते कुठे? आठवडेच्या आठवडे जातात. कॅलगरीकराचा बर्फाचा सीझन दोन महिन्यांवर आलाय.

लेथब्रिजचा मेकॅनिक

वॉरंटी सोडून बाकीचं मी बोलतो, कारण तिकडून आलेल्या गाड्यांची तपासणी आमच्याकडे होते. लोक त्यातच अडकतात.

सीमेवर येण्याआधी अमेरिकन बाजूला मूळ टायटल (मालकीचा कागद) दाखवून निर्यात नोंदवावी लागते, ७२ तास आधी. टायटलवर कर्जाचा बोजा नको. कंपनीकडून गाडीवर रिकॉल (दोष निघाल्यामुळे कंपनीने बोलावून करायची दुरुस्ती) बाकी नाही असा कागद लागतो. रिकॉल बाकी असेल तर तो तिकडेच करून घे, रिकॉल वॉरंटीत धरत नाहीत, मैल बघत नाहीत. इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र) आहे का ते तपास, सप्टेंबर २००७ नंतर बनलेल्या गाडीला तो लागतोच, आणि पिकअपच्या साध्या मॉडेलांवर तो असेलच असं गृहीत धरू नकोस. दिवसा जळणारे दिवे बऱ्याच गाड्यांत सॉफ्टवेअरमधून चालू होतात. सीमा ओलांडल्यावर आरआयव्हीच्या तपासणीला ४५ दिवस मिळतात, मग अल्बर्टाची आउट-ऑफ-प्रॉव्हिन्स, म्हणजे प्रांताबाहेरून आलेल्या गाडीची, तपासणी.

आता माझं मत. पाच वर्षांच्या वर वय झालेली असती तर म्हटलं असतं आण, कारण वॉरंटी दोन्हीकडे संपलेलीच असते. दोन वर्षांच्या गाडीवर तू जो भाव देतोस त्यात शिल्लक वॉरंटीची किंमत धरलेली आहे. ती वापरता येणार नसेल तर ग्रेट फॉल्सचा डीलर तुला न मिळणारी वस्तू विकतोय. त्याला सांग, तेवढे कमी कर.

कॅलगरीकर

हे मात्र डोक्यात बसलं. आजच डीलरशी बोललो. १,२०० डॉलर उतरवायला तयार आहे, त्यापुढे नाही. कंपनीच्या कॅनडातल्या कस्टमर केअरला व्हिन घालून ईमेल टाकलाय, पहिल्या मालकाचं नोंदणीचं वर्षही दिलंय, ती व्यक्ती मोंटानातल्या बिलिंग्जची होती आणि तिने गाडी १९ महिने तिथेच चालवली. लेखी हो आलं तर जाणार. नाही आलं तर इथे खासगीत दोन आठवडे शोधणार.

कंपनीचा नियम चूक आहे, हे माझं मत तसंच आहे. ताई, तुमच्या वहीतला आकडा मात्र मी फोनमध्ये लिहून घेतलाय.

ओढ्याकाठची

लेखी उत्तर आलं तर त्याची प्रत गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेव. आमच्याकडे फक्त फोनवरचं बोलणं होतं.

प्रेअरीवासी

हो आलं तर सांग. कूट्सला मी सोबत येतो, तिथली निर्यातीची खिडकी कोणत्या वेळी उघडी असते ते आधी विचारून ठेव. गुरुवारी कागद दिले तर रविवारशिवाय गाडी हलवता येत नाही, आणि रविवारी ती खिडकी उघडी आहे का ते बघावं लागेल.