तलावपाळीचं पाणी, पण काचेवर काहीच दिसेना

ठाणेकर आजोबा: मासुंदा तलावातला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नातीला पॅरामिशियम, म्हणजे पाण्यातला एकपेशीय जीव, दाखवायचं होतं. नुसता पांढरा उजेड! म्हणते, "आजोबा, रिकामंय."

कळव्याची मावशी: काका, कंडेन्सरचा, म्हणजे काचपट्टीखालच्या उजेड एकवटणाऱ्या भिंगाचा, डायफ्रॅम (उजेडाची झडप) थोडा मिटवा, कडा उठतील. फार मिटलात तर बारकावे जातील.

लॅबवाला: पारदर्शक पेशी प्रकाश शोषतच नाही, फक्त जरा मागे पाडते. डोळ्याला ते कळत नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ झेर्निकेंच्या फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीमध्ये तोच फरक उजेड-अंधार होऊन दिसतो. १९५३चं नोबेल त्यालाच. त्याचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग, महाग मात्र. त्यापेक्षा कंडेन्सरखाली मधोमध काळ्या कागदाची चकती ठेवा. सरळ उजेड अडतो, जिवावरून विखुरलेलाच वर येतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हला छान जमतं.

ठाणेकर आजोबा: आधी हिची टिकली लावली, लहान पडली. मग वहीचं कव्हर कापलं. काळ्यावर चांदीसारखं पळतंय! नात जेवायला उठेना.