पावसाळी किनाऱ्यावरचे आल्बारीन्यो काटोलच्या रानात लावता येईल का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. स्पेनमध्ये शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीत येताना आल्बारीन्यो नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन आणली. संत्र्याची साल नखाने दाबली की जे तेल उडते, तसा गंध पेल्यातून आला आणि त्यामागून पिकलेल्या पीचचा. हे द्राक्ष वायव्य स्पेनमधील गालिसियाच्या किनाऱ्यावर, रीआस बाइशास या भागात होते. भाचा म्हणतो की तिथे वर्षाला सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या नागपूरपेक्षाही जास्त. आपल्याकडे थोडे ढगाळ झाले तरी द्राक्षावर केवडा हा बुरशीचा रोग येतो. मग ही वेल तिथे टिकते कशी? आणि टिकत असेल, तर संत्र्याच्या दोन ओळी काढून ती लावून पाहावी का?

प्रतिसाद १

आपला प्रश्न रास्त आहे. मी काही वर्षे नाशिक भागात द्राक्षाचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आल्बारीन्योचा मणी लहान आणि साल जाड असते, त्यामुळे दमट हवेत तो इतर अनेक वाणांपेक्षा बरा तग धरतो. जमीन ग्रॅनाइटची, वाळूसर. पाणी मुळाशी साचून राहत नाही. शिवाय तिथला बहुतेक पाऊस वेल सुप्तावस्थेत असताना, हिवाळ्याच्या आसपास पडतो, उन्हाळा त्या मानाने कोरडा जातो आणि तोडणी सप्टेंबरमध्ये होते. तरीही केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग तिथल्या शेतकऱ्याला चुकलेले नाहीत, फवारणी करावीच लागते.

काटोलच्या बाबतीत मला पावसाची फारशी काळजी वाटत नाही, कारण आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येणारे फळ कोरड्या दिवसांतच पिकते. चिंता आहे ती उन्हाची. या वाइनचा जीव तिच्या आंबटपणात आहे, आणि मणी तयार होताना हवा तापली की त्यातील मॅलिक आम्ल वेगाने घटते. अटलांटिकचा गार वारा ते राखतो. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते, तेव्हा साखर भरपूर भरेल पण चव बसकी होईल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात मांडवाचा उल्लेख राहिला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. काम्बादोस गावाजवळ मी या बागा पाहिल्या आहेत. ग्रॅनाइटचे दगडी खांब, त्यांवर तारा आणि सुमारे दोन मीटर उंचीवर पसरलेली वेल. खाली उभे राहिले की घड डोक्याच्या वर लोंबतात आणि वेलीखालून वारा वाहत राहतो. ओल्या जमिनीपासून घड दूर राहतात, पाने लवकर सुकतात. तिथे याला पार्रा म्हणतात. आपल्या जुन्या मांडव पद्धतीशी त्याचे इतके साम्य आहे की मला परके वाटलेच नाही. वाल दो साल्नेस हा रीआस बाइशासमधला समुद्रालगतचा उपविभाग, तर मिन्यो नदीपलीकडे पोर्तुगालमध्ये हेच द्राक्ष आल्वारिन्यो या नावाने होते. रीआस बाइशासला मूळस्थानाचा अधिकृत दर्जा १९८८ साली मिळाला.

एक विनंती मात्र आवर्जून करतो. ऑस्ट्रेलियात अनेकांनी आल्बारीन्यो समजून लावलेल्या वेली डीएनए तपासणीत साव्हान्यँ या वेगळ्याच वाणाच्या निघाल्या, तेव्हा वाणाची खात्री केल्याशिवाय काहीही लावू नये. लागवडीसाठी वेलीच्या काड्या सामानातून आणणे तर मुळीच नको; परदेशी रोपांना परवाना आणि विलगीकरण लागते, आणि एका काडीबरोबर आलेला रोग शेजाऱ्याच्या बागेतही जाऊ शकतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भाचा पुढच्या खेपेला काड्या आणणारच होता. आजच फोन करून त्याला थांबवले आहे. संत्र्याच्या ओळी जागेवरच राहतील. उन्हाबद्दल जे लिहिले आहे त्यावर एक शंका मात्र उरते: छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीला घेऊन फळ जानेवारीच्या थंडीतच उतरवले, तर आम्ल राखता येईल का?

प्रतिसाद १

काही अंशी येईल, पण मग कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि केवड्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. यावर पुण्याजवळच्या मांजरी गावातील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.