‘संदर्भ’, ‘संदर्भनोंद’ आणि ‘तत्रैव’

प्रबंधाची प्रकरणे वेगवेगळ्या फाइलींत लिहून झाली की मार्गदर्शक सांगतात, ‘आता संदर्भ एकत्र करा’, आणि घोळ तेथूनच सुरू होतो. कारण मजकुरातील कंसातली किंवा आकड्याची खूण, त्या खुणेमागची ग्रंथाची पूर्ण नोंद आणि अखेरची यादी या तिन्हींना आपण ‘संदर्भ’च म्हणतो. यादीसाठी ‘संदर्भसूची’ हा शब्द रुळलेला आहे. उरलेल्या दोहोंसाठी ‘संदर्भखूण’ आणि ‘संदर्भनोंद’ हे शब्द वापरावेत, असे माझे मत आहे. ‘संदर्भ’ हा शब्द मुळात ‘सम्’ आणि ‘दृभ्’ म्हणजे गुंफणे यांपासून झाला आहे, आणि प्रकरणे जोडताना जपायची असते ती खूण व नोंद यांची गुंफणच.

संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरो या संगणक-प्रणालीने वर्डमध्ये घातलेली संदर्भखूण हे एक फील्ड, म्हणजे मागच्या नोंदीशी जोडलेला मजकूर, असते; तिच्यावर टिचकी मारली की ती करडी दिसते. प्रकरण ‘फक्त मजकूर’ म्हणून चिकटवले, तर खूण दिसायला तशीच राहते, पण मागची नोंद तुटते आणि आपोआप तयार होणाऱ्या संदर्भसूचीत तो ग्रंथ येत नाही.

‘तत्रैव’ हा शब्द तर पूर्णपणे शेजाऱ्यावर विसंबून असतो. ‘तत्र’ अधिक ‘एव’, म्हणजे ‘तेथेच’. पण ‘तेथे’ म्हणजे लगतच्या आधीच्या टिपेत. माझ्या तिसऱ्या प्रकरणात ‘तत्रैव, पृ. ६३’ अशी हाताने लिहिलेली तळटीप एका बखरीसाठी होती. दुसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद मी तेथे हलवला, त्याच्याबरोबर गॅझेटियरची तळटीप मध्ये आली, आणि बखरीतले विधान गॅझेटियरच्या नावावर गेले. तळटिपांचे आकडे वर्डने बिनचूक बदलले होते, म्हणून तर ती चूक मला फार उशिरा दिसली. संदर्भ देण्याच्या शिकागो शैलीच्या २०१७ च्या आवृत्तीनेही ‘तत्रैव’च्या ‘इबिड’ (ibid.) या लॅटिन भावंडाऐवजी लेखकाचे आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक देणेच पसंत केले आहे.

‘वरीलप्रमाणे’ आणि ‘उपरोक्त’ या शब्दांनाही हाच धोका आहे. प्रकरणे सुटी असेपर्यंत प्रत्येक टिपेत आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक लिहावे; ‘तत्रैव’ हवाच असेल, तर सर्व प्रकरणे एका फाइलीत येऊन त्यांचा क्रम कायम झाल्यावरच तो घालावा.