मदत हवी आहे: आई रुग्णालयात असेपर्यंत दोन लहान मुलांना कुठे ठेवता येईल? (सत्तरी, गोवा)

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून वाळपईजवळच्या एका गावात राहते. आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या, मूळच्या चंदगडकडच्या एका कुटुंबासाठी हे लिहीत आहे. पती कारखान्यात कंत्राटी कामगार आहे आणि सध्या त्याची रात्रपाळी चालू आहे. पत्नीला सातवा महिना आहे. रक्तदाब एकाएकी वाढल्यामुळे तिला बांबोळीला गोमेकॉमध्ये (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखल करावे लागले आणि बाळंतपण होईपर्यंत घरी सोडता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सोबतीला बाई माणूस हवे, म्हणून धाकटी बहीण तिच्याजवळ राहिली आहे. गावी सासूबाई आहेत, परंतु त्या अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आहेत.

घरी राहिली आहेत साडेचार वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा. गेले अकरा दिवस दोघेही माझ्याकडे आहेत. मुलगी समजूतदार आहे. सकाळी अंगणवाडीत जाते आणि दुपारी पेज जेवून भावाशेजारी झोपते. मुलगा मात्र अंगावर पीत होता. त्याचे दूध असे अचानक तुटल्यामुळे तो रात्री दोन-तीनदा उठतो आणि दाराकडे बोट दाखवून रडत राहतो. त्याला कडेवर घेऊन फेऱ्या घालाव्या लागतात आणि माझे गुडघे आता ते सोसत नाहीत. शिवाय माझ्या यजमानांना आठवड्यातून तीन वेळा डायालिसिससाठी न्यावे लागते. त्या दिवशी मुले शेजारच्या दोन घरांत वाटून ठेवते. त्या घरांनी आजवर एका शब्दाने कुरकुर केलेली नाही, परंतु चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे, त्यांच्याकडे मुंबईहून माणसे यायची आहेत आणि त्यांच्यावर आणखी किती भार टाकावा, हे मला कळेनासे झाले आहे.

चौकशी केली नाही असे नाही. अंगणवाडी काही तासांचीच असते. फोंड्यातील एका खासगी पाळणाघराने दोन वर्षांखालील मूल घेण्यास नकार दिला आणि रात्रीची सोय तर तेथे नव्हतीच. एका कार्यालयात मुलांच्या वडिलांना ‘मुले सरेंडर करा, म्हणजे प्रश्न मिटेल’ असे सांगण्यात आले. त्याने ते जसेच्या तसे दूरध्वनीवर पत्नीच्या कानावर घातले आणि त्या रात्री तिचा रक्तदाब पुन्हा चढला. मुले एकदा सरकारी ठिकाणी दिली की परत मिळणार नाहीत, ही तिची भीती मला खोडून काढता येत नाही, कारण कायदा मला ठाऊक नाही.

आईवडिलांचा हक्क कायम राहून मुलांना दोन-तीन आठवडे, रात्रीसह, सुरक्षित ठेवण्याचा काही मार्ग आहे का? भावंडांची ताटातूट होऊ नये, एवढीच त्या माउलीची विनवणी आहे. मी नात्याची नसताना मुले सांभाळते आहे, हे कायद्याला धरून आहे का, तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (फोंडा)

ताई, सर्वांत आधी तिच्या मनातली ती भीती दूर करा. ‘सरेंडर’ ही तात्पुरत्या सांभाळाची वाट नव्हेच. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 35 मध्ये सांगितलेली ती प्रक्रिया मुलाचा कायमचा त्याग करण्याची आहे, आणि त्यातसुद्धा समुपदेशन करून आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. तुमच्या प्रकरणात अशा कागदावर कोणीही सही करू नये.

आईवडिलांनी स्वखुशीने मुले तुमच्याकडे सोपवली आहेत, त्यामुळे ती टाकलेली किंवा हरवलेली मुले ठरत नाहीत. तरीही दोघांच्या सहीचे संमतिपत्र जवळ ठेवा; बाळाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागले तर त्याचा उपयोग होईल. पुढच्या सोयीसाठी उत्तर गोव्याच्या बाल कल्याण समितीकडे (सांभाळाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी, याच कायद्याखालील समिती) वडिलांच्या नावे अर्ज करा. जाणे जमत नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. त्याच कायद्याच्या कलम 52 नुसार समिती एखाद्या व्यक्तीला ठरावीक मुदतीसाठी मूल सांभाळण्यास ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊ शकते, तर कलम 51 प्रमाणे संस्थेलाही तशी मान्यता देता येते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व कायद्यातच आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि भावंडांना एकत्र ठेवण्याची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा. मुदतही लिहा: ‘बाळंतपणानंतर आई घरी येईपर्यंत’.

अमेरिकेत अशा प्रसंगासाठी ‘क्रायसिस नर्सरी’ असतात आणि त्यांना साहाय्य देणारा कायदा तेथे 1986 साली झाला. आईवडील स्वतःहून मूल आणून ठेवतात आणि संकट टळले की घेऊन जातात. आपल्याकडे हाच हेतू समितीमार्फत साधावा लागतो. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालकल्याण योजनेखाली पात्र मुलांना दरमहा 4,000 रुपयांचे प्रायोजकत्वही मिळते, परंतु त्याला वेळ लागतो. आजच्या अडचणीत त्यावर विसंबू नका.

मूळ लेखिकेचे उत्तर

आपले मनःपूर्वक आभार. आपला प्रतिसाद मी तिला दूरध्वनीवर वाचून दाखवला. ‘म्हणजे सही करायची नाही ना?’ असे तिने दोनदा विचारले आणि मग कितीतरी वेळ काही बोलली नाही. संमतिपत्र लिहून झाले आहे. वडील ते घेऊन उद्या बांबोळीला तिची सही आणायला जातील आणि सोमवारी रजा काढून समितीकडे अर्ज देतील. तिची चंदगडची आतेबहीण मुले सांभाळायला येण्यास तयार आहे, परंतु चवथीनंतरच. ‘योग्य व्यक्ती’ म्हणून तिचेच नाव सुचवणार आहोत.

तोपर्यंतच्या रात्रींचा प्रश्न मात्र उरतोच. वाळपई, होंडा किंवा सत्तरीतल्याच ठाणे गावाच्या परिसरात तान्ह्या मुलांची सवय असलेली एखादी जाणती बाई रात्री माझ्या घरी येऊन राहू शकत असेल, तर कृपया कळवावे. योग्य तो मोबदला आम्ही शेजारी मिळून देऊ.