शशिकलाताई काकोडकर फक्त भाऊंची मुलगी म्हणून मुख्यमंत्री झाल्या का?

घाटावरचा:
मंडळी, एक प्रश्न आहे. परवा ऑफिसात घराणेशाहीवरून वाद चालला होता, त्यात कोणीतरी म्हणालं की मराठी बोलणारी बाई मुख्यमंत्री झालीच नाही आजवर. मी म्हटलं महाराष्ट्रात नाही पण गोव्यात झाली की. तर लगेच उत्तर आलं, ती काय, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊ बांदोडकर ह्यांची मुलगी, बाप गेला आणि खुर्ची मिळाली. मला पुढे काही बोलताच आलं नाही कारण त्यांनी नंतर काय केलं हे मला धड माहीतच नव्हतं. गोव्यातल्या लोकांनी सांगावं, वारसा सोडून त्यांचं स्वतःचं असं काय होतं? आणि पूजा घालू नका, जे वाईट तेही सांगा.

डिचोलीकर:
खुर्ची वारशानेच मिळाली, त्यात वाद कशाला. भाऊ ऑगस्ट 1973 मध्ये अचानक गेले आणि त्याच महिन्यात ताई मुख्यमंत्री. पण एकदम घरातून उचलून आणून बसवलेल्या नव्हत्या, आधी आमदार होत्या, भाऊंच्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री होत्या. देशात तोवर सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी अशा दोनच बायका मुख्यमंत्री झालेल्या.

आता स्वतःचं काय विचारलंत तर एकच शब्द, मुंडकार. तुमच्याकडे हा प्रकार नाही म्हणून सांगतो. भाटकाराच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, एखादं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या घर बांधून राहायचं, घर ह्यांनी बांधलेलं, जमीन त्याची. त्याच्या बदल्यात भाटावर लक्ष ठेवायचं, त्याच्या घरी लग्न असो की चवथ, बोलावणं आलं की राबायला जायचं. कौलं बदलायची तरी आधी विचारायला जायचं. वाकडं बोललात की नीघ म्हणायचा. ताईंनी 1975 ला मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा केला, शिवाय घर आणि त्याच्या भोवतालची थोडी जागा मुंडकाराला विकत घ्यायची सोय झाली. पुढच्याच वर्षी कुळ कायद्याला पाचवी दुरुस्ती, कसेल त्याची जमीन. कुळ कायदा भाऊंनीच 1964 मध्ये आणला होता पण त्यात कुळाला संरक्षण होतं, मालकी नव्हती. मालकी दिली ती ताईंनी. मग भाटकार कोर्टात गेले आणि ती केस वर्षानुवर्षं चालली. आमच्या वाड्यावर अजून कोणी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढून आणला की ताईंचं नाव निघतंच.

जुनी_फाईल:
डिचोलीकरबाबनी अर्धीच गोष्ट सांगितली. मुंडकाराच्या केसी मामलेदाराकडे आजही पडून आहेत हो, कायदा करणाऱ्याची नातवंडं म्हातारी होतील तरी निकाल लागायचा नाही. कायदा केला हे खरं पण राबवायची यंत्रणा कुठे उभी केली?

आणि तुम्हाला वाईट ऐकायचंय ना मग 1977 नंतरचं बघा. 30 च्या सभागृहात मगोचे, म्हणजे भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, 15 आले, म्हणजे काठावरच. त्यात एकीकडे रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर. दुसरीकडे विद्यार्थी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी आंदोलनात, त्यांच्यावर पोलिसांच्या लाठ्या. खरं तर हे लोक कोण, बहुजन आणि गरीब, ज्यांच्या नावावर पक्ष उभा राहिला तेच, आणि सरकार त्यांच्याशी पोलीस पाठवून बोलतंय. माझ्या मते घराणेशाहीचा तोटा तो इथे, भाऊ शब्द टाकायचे आणि पक्ष ऐकायचा, ताईंना वाटलं आपलंही तसंच ऐकतील. नाही ऐकलं. एप्रिल 1979 मध्ये पक्षातलेच आमदार फुटले, सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली. 1980 ला मगोचे फक्त 7. त्यानंतर ताई काँग्रेसमध्ये गेल्या, तिथेही रमल्या नाहीत, मग वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढला आणि शेवटी परत मगोत. ह्या सगळ्या फेऱ्या मतदाराने का लक्षात ठेवायच्या नाहीत?

मांडवीकाठ:
@जुनी_फाईल फेऱ्या मारल्या मान्य. पण 1990 विसरलात. तेव्हा त्या आघाडी सरकारात शिक्षणमंत्री होत्या, मुख्यमंत्री राहून आलेली बाई दुसऱ्याच्या हाताखाली मंत्री, हेच किती जण करतील? आणि तिथे निर्णय कुठला घेतला, तर सरकारी अनुदान फक्त मराठी किंवा कोंकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच. चर्चच्या कितीतरी शाळांनी त्यानंतर प्राथमिक वर्ग कोंकणीत केले. सरकार वर्षभरही टिकलं नाही पण निर्णय 2011 पर्यंत टिकला.

2011 ला इंग्रजीला अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंच झाला, त्याच्या अध्यक्ष ताई. आता गंमत बघा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही ह्यावरच्या 1967 च्या जनमत कौलात ताईंचे वडील विलीनीकरणाच्या बाजूने, 34,021 मतांनी हरले. त्या वेळी विलीनीकरणाविरुद्ध पेपरातून रान उठवणारे उदय भेंब्रे, कोंकणीवाले. आणि इथे मंचात ताई आणि भेंब्रे एकाच व्यासपीठावर! भाऊंच्या मुलीने स्वतःच्या अंगाने घेतलेली जागा दाखवा म्हणाल तर मी ही दाखवीन.

घाटावरचा:
धन्यवाद सगळ्यांना. मुंडकार हे मला अगदीच नवीन. एक शंका, भाऊ स्वतः खाणमालक होते ना? मग जमीनदारांविरुद्ध कायदे करताना त्यांना आणि ताईंना अडचण कशी नाही आली?

डिचोलीकर:
खाण आणि भाट वेगळं दादा. खाणवाल्यांचा पैसा लीजवर, भाटकाराचा जोर माणसांवर. भाटकाराला दुखवून भाऊंना मतंच मिळत होती. खाणींना हात लावला असता तर काय झालं असतं ते मात्र मला विचारू नका, जुनी_फाईल आहेतच त्यासाठी 😄

जुनी_फाईल:
त्याचा वेगळा धागा काढा, इथे जागा पुरायची नाही.